लँब्रेटा एलआय १५० सोलापूरच्या उन्हासाठी: कामाच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

काम ठरलं. माझ्या जुन्या लँब्रेटा स्कूटरचं इंजिन खाली उतरवायचं आणि एप्रिलच्या आत असं बांधायचं की बेचाळीस अंशांतही गाडी तुळजापूरपर्यंत सलग जाईल. रंगाला हात लावायचा नाही. दोन ठिकाणी पोपडे धरलेत, पण पत्रा शाबूत आहे. रंगाची घाई नाही.

तक्रार अशी आहे. पावसाळ्यात आणि थंडीत गाडी गुणी. मार्च उलटला की मात्र हैदराबाद रोडला पंधरा-वीस किलोमीटर सलग पन्नासच्या वेगाने चालवली की इंजिनाचा आवाज कोरडा होतो, ओढ कमी पडते, आणि क्लच दाबायला क्षणभर उशीर झाला तर पिस्टन पकडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये घट्ट अडकतो. सावलीत दहा-पंधरा मिनिटं उभी केली की पुन्हा किक बसते, जणू काही झालंच नाही. गेल्या उन्हाळ्यात एका गॅरेजवाल्याने "पेट्रोलमध्ये ऑईल वाढवा" एवढंच सांगून गाडी परत दिली. त्याने रोग जात नाही. ऑईल वाढवलं की तेवढ्याच जेटमधून, म्हणजे कार्बुरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकातून, पेट्रोल कमी जातं आणि इंजिन उलट जास्त तापतं.

गाडी १९६८ ची, सीरिज टू. इनोसेंटी कंपनीने मिलानच्या लँब्राते भागात १९४७ पासून लँब्रेटा बनवायला घेतली. एलआय मालिका १९५८ ची, आणि हेडलाइट हँडलवर चढलेली सीरिज टू १९५९ ची. इटलीत दोनेक वर्षांत तिची जागा पुढच्या मॉडेलने घेतली. आपल्याकडे मात्र मुंबईच्या एपीआयने, म्हणजे ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने, तीच घडण पुढे कितीतरी वर्षं चालू ठेवली. म्हणून हे इटालियन डोकं सोलापुरात कपाटातली वस्तू म्हणून कधी राहिलंच नाही. गिरणीच्या पाळीला जाणाऱ्यांनी ते वापरलं. माझ्या गाडीचे पहिले मालकही गिरणीतलेच. त्यांच्या घरच्यांनी ती विकली तेव्हा डिक्कीत जुन्या पान्यांची पिशवीसुद्धा तशीच होती.

लँब्रेटा आणि वेस्पा दोन्ही इटलीच्या, पण वेगळ्या विचाराच्या. वेस्पाचा पत्रा हीच तिची चौकट आणि इंजिन उजव्या अंगाला. लँब्रेटाला पोलादी नळीची चौकट, पत्रे वरून बोल्टने लावलेले आणि इंजिन मधोमध. त्यामुळे तोल सुंदर. पण इंजिन पत्र्यांच्या आत झाकलेलं असल्यामुळे समोरची हवा त्याला थेट लागत नाही. उजव्या बाजूच्या फ्लायव्हीलला पाती आहेत. ती हवा ओढतात आणि पत्र्याच्या काउलमधून सिलिंडरवर आणि हेडवर सोडतात. थंडावा मिळतो तो एवढाच. पुढचं सगळं काम याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

रविवारी सकाळी आमच्यातले जमतील ते जमतात. अण्णांची परवान्यावर बनलेली बजाज वेस्पा १५०, वकीलसाहेबांची विजय सुपर, डॉक्टरांची लँबी (या दोन्ही लँब्रेटाच्याच भारतीय बहिणी), आणि चाचा. चाचांकडे आता स्वतःची गाडी नाही, पण उभं आयुष्य त्यांनी याच इंजिनांवर काढलंय. आज इंजिन उतरवायला चार हात मिळाले.

चौकट मागून उचलून लाकडी खोक्यावर टेकवली. सायलेन्सर, केबली, कार्बुरेटर, मागच्या शॉकअबसॉर्बरचा खालचा नट, आणि मग तो आरपार जाणारा लांब बोल्ट, ज्यावर अख्खं इंजिन झुलतं. हा बोल्ट बुशमध्ये गंजून बसतो, हे प्रत्येक लँब्रेटावाल्याला ठाऊक असतं. म्हणून दोन दिवस आधीपासून डिझेल सोडत होतो. तरी पितळी दांडा लावून हातोडा मारावाच लागला. लोखंडी दांडा लावायचा नाही, बोल्टचं टोक फुलतं आणि मग तो बाहेरच येत नाही.

इंजिन बाकावर आल्यावर माझे हात हेडच्या नटांकडे गेले तसे चाचा म्हणाले, "थांबा. आधी हवा धरते का बघा, मग उघडा. उघडल्यावर कुठून गळत होतं ते कळत नाही."

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची पोकळी, हाच पंप असतो. तो हवाबंद नसेल तर कार्बुरेटरने कितीही नीट मिश्रण दिलं तरी मधूनच कोरडी हवा आत शिरते, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि पिस्टन तापतो. तपासायचं म्हणजे आत थोडा दाब भरायचा आणि तो टिकतो का बघायचं. पंक्चरवाल्याचा पंप इथे चालत नाही, त्याच्या दाबाने चांगली सीलसुद्धा जागची सुटते. डॉक्टरांनी त्यांचं जुनं, काट्याचं बीपीचं यंत्र आणलं होतं. त्याचा काटा ३०० पर्यंत जातो, आणि पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे साधारण पावणेसहा पीएसआय, या कामाला नेमका लागतो तेवढा दाब.

एक्झॉस्ट पोर्टवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून वर लोखंडी पट्टी आवळली. मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बुरेटर जिथे जोडतात त्या नळीच्या, तोंडात रबरी बूच. एका निकामी प्लगचं चिनी मातीचं पोट फोडून त्यात पितळी नळी बसवली होती, तिला यंत्राची रबरी नळी जोडली. पिस्टन खाली आणून ठेवला, म्हणजे वरची आणि खालची पोकळी पोर्टमधून एक होते. डॉक्टरांनी फुगा दाबून काटा २५० वर नेला. तेवढ्यात अण्णा आले आणि दारातूनच ओरडले, "काय करलालाव? बीपी कुणाचं बघलालाव?"

काटा थांबलाच नाही. डोळ्यांदेखत शंभरच्या खाली आला. फ्लायव्हील पुलर लावून काढलं आणि भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो. फ्लायव्हीलच्या बाजूच्या ऑईल सीलच्या ओठावर, खालच्या अंगाला, बारीक पांढरा फेस धरायला लागला. आधी दोन-चार बुडबुडे, मग दाण्यादाण्यांची ओळ. दुसरी गळती मॅनिफोल्डच्या पॅकिंगला. तिथे फेस नाही, एकच मोठा फुगा येऊन फुटायचा, पुन्हा यायचा. डावीकडच्या सीलसाठी गिअरबॉक्समध्ये ऑईल भरायच्या भोकावर साबणाचा पापुद्रा धरला. तो फुगला नाही. ती बाजू ठीक.

इतकी वर्षं ज्याला आम्ही "उन्हाने होतं" म्हणत होतो, त्याचा निम्मा हिशेब त्या फेसात दिसला. वकीलसाहेबांनी लगेच विजय सुपरचा नंबर लावून ठेवला.

१२ नोव्हेंबर

हेड आणि सिलिंडर काढले. पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगावर उभे चकचकीत ओरखडे, सिलिंडरच्या भिंतीवर त्याच जागी ॲल्युमिनियम पुसलं गेलंय. बाकीचा पिस्टन स्वच्छ. म्हणजे फिटिंग घट्ट असल्याची खूण नाही, ही उष्णतेची खूण आहे. पिस्टनचा माथा चहासारखा तपकिरी असायला हवा, तो राखाडी-पांढुरका निघाला. लीन चालत होती, याबद्दल आता शंका उरली नाही.

काउलची अवस्था बघून मात्र वाईट वाटलं. आधी कुणीतरी हेडवरचं काउल बसत नाही म्हणून त्याची एक कड कापून टाकलेली, दोन स्क्रू गायब. फ्लायव्हीलने ओढलेली हवा त्या फटीतून बाहेर. त्यात सिलिंडरच्या बाहेरच्या पातळ पट्ट्यांमध्ये (फिन) ऑईल आणि धूळ बसून काळं सिमेंट झालेलं. रॉकेलमध्ये भिजवून, बांबूच्या काडीने एकेक फट मोकळी केली. वायर ब्रशने वरवर साफ दिसतं, पण मुळाशी घाण तशीच राहते, आणि उष्णता मुळातूनच बाहेर पडायची असते.

१६ नोव्हेंबर, रविवार

सुट्या भागांची यादी केली. ज्यांनी नव्याने लँब्रेटा घेतली आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो.

इनोसेंटीने लँब्रेटा बंद केल्यावर भारत सरकारने १९७२ मध्ये तिथली यंत्रसामग्री घेतली आणि लखनौला स्कूटर्स इंडिया उभी राहिली. तिथली विजय सुपर ही इटलीच्या शेवटच्या, जीपी १५० या मॉडेलवरून बेतलेली. म्हणजे आपल्याकडे दोन काळांच्या लँब्रेटा शेजारी-शेजारी बनत होत्या. एपीआयची जुनी एलआय आणि लखनौची नवी जीपी. दोन्हींचं बोअर ५७, स्ट्रोक ५८, १४८ सीसी. इंजिनातले बरेच भाग एकमेकांना चालतात, म्हणूनच आपण आजही गाड्या चालवू शकतो. पण फ्लायव्हील चालत नाही. जीपीच्या क्रँकचा, फ्लायव्हील ज्यावर बसतं तो, निमुळता भाग जाड आहे. बाजारात "लँब्रेटाचं फ्लायव्हील" म्हणून दिलं तरी आपल्या क्रँकवर ठेवून, हाताने फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

घेतलेलं सामान: दोन्ही बाजूंच्या ऑईल सील (एक चांगली असली तरी दोन्ही बदलायच्या), डावीकडचं मेन बेअरिंग ६३०५, तेही सी-३ क्लिअरन्सचंच, पॅकिंगचा पूर्ण संच, पिस्टन-रिंगा, कार्बुरेटरचा किट. बेअरिंगच्या डब्यावर सी-३ लिहिलेलं नसेल तर परत करायचं. साध्या बेअरिंगमध्ये गोळ्यांना गरम झाल्यावर फुगायला तेवढी जागा नसते.

१९ नोव्हेंबर

सील घेताना व्हिटनच्या, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या, घेतल्या. कारण पेट्रोल.

आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. आपल्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत की यातलं काही इथेनॉल इथल्याच उसाचं असणार. उसाला भाव मिळतो याचा आनंदच आहे. पण १९६८ सालच्या इंजिनाला त्याची कल्पना नव्हती, ती आपणच करून द्यायची. जुन्या काळ्या रबराची सील आणि पेट्रोलची नळी इथेनॉलने फुगते, मऊ पडते. टाकीत ते हवेतली ओल शोषतं, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की पाणी-इथेनॉल तळाला वेगळं होऊन गंज धरतो. हे सगळे जण बोलतात. तिसरी गोष्ट मात्र कमी बोलली जाते आणि आमच्या दुखण्याशी तिचाच थेट संबंध आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्या मापाच्या जेटवर, काहीही न बिघडता, गाडी आपोआप लीन चालते.

गळकी सील, कापलेलं काउल आणि जुना जेट ही तिन्ही कारणं एकाच दिशेला ओढत होती. थंडीत इंजिन ते सोसायचं, मार्चनंतर नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज पुढच्या चाकाचं काम. लँब्रेटाच्या पुढच्या फोर्कला खाली दोन लिंका असतात, त्यांच्या बुश झिजल्या की ब्रेक मारताना हँडल थरथरतं. विकत मिळणाऱ्या बुश सैल निघाल्या. अण्णा त्यांच्या यंत्रमागांचे भाग जिथे करून घेतात, त्या टर्नरमामांकडे अक्कलकोट रोडला घेऊन गेले.

मामांनी आयुष्यात स्कूटरचा भाग केला नव्हता. लिंक हातात घेतली, पिन आत-बाहेर करून बघितली, मायक्रोमीटर लावला आणि विचारलं, "हे गोल फिरतं का नुसतं हलतं?" नुसतं पुढे-मागे हलतं म्हटल्यावर म्हणाले, "मग ग्रीसला खाच सरळ नको, तिरकी देतो. हलणाऱ्याला सरळ खाचेतनं ग्रीस पसरत नाही." यंत्रमागाच्या हलत्या सांध्यांवर ते हेच करत आलेत. गनमेटलच्या चार बुश तासून, रीमर फिरवून दिल्या. पिन बोटाने ढकलली तर जाते आणि सोडली तर जागेवर थांबते, अशी फिट. पैसे घ्यायला तयार नव्हते, अण्णांनी खिशात कोंबले.

सोलापुरात जुन्या गाड्या चालत्या राहतात त्यात या लेथवाल्यांचा वाटा फार मोठा आहे. मागासाठी जन्माला आलेली ही कारागिरी आपल्या उपयोगी पडते. सांगली-पुण्याहून काय मागवायचं याच्या चौकश्या करण्याआधी आपल्याच गल्लीतल्या मामांना विचारावं.

७ डिसेंबर, रविवार

बेअरिंग बसवलं. केसिंग ॲल्युमिनियमचं, बेअरिंग पोलादाचं, आणि तापल्यावर ॲल्युमिनियम जास्त फुलतं. त्यामुळे ठोकाठोकीची गरजच नसते. बेअरिंग आदल्या रात्री प्लॅस्टिकमध्ये बांधून फ्रीजरमध्ये ठेवलं. सकाळी केसिंग हॉट-एअर गनने सगळीकडून सारखं तापवलं, पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र होऊन उडेपर्यंत. मग चाचांनी जाड हातमोजा घालून बेअरिंग सरळ धरलं आणि सोडलं. टप् असा एकच आवाज, तळाला टेकलं. तिरकं पडलं तर ओढायच्या भानगडीत न पडता पुन्हा तापवायचं, असं चाचांनी दोनदा बजावलं. ठोकून बसवलेल्या बेअरिंगच्या गोळ्यांना पहिल्याच दिवशी खळगे पडतात.

सीलच्या ओठाला ग्रीस लावून, सील सपाट पट्टीने सगळीकडून सारखी दाबली. क्रँक आत घालताना खाचेच्या कडेने ओठ कापला जाऊ नये म्हणून क्रँकच्या टोकाला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद गुंडाळला. ही चाचांची रीत.

१४ डिसेंबर, रविवार

सिलिंडर बोअर होऊन आलं. ५७.४ चा पिस्टन. बोअरिंगवाल्याकडे पिस्टन घेऊनच जायचं, नुसतं माप सांगून सिलिंडर सोडून यायचं नाही. दोन कंपन्यांचे ५७.४ सारखे नसतात. होनिंगच्या (सिलिंडर आतून घासल्याच्या) रेषा तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या आल्या आहेत. पोर्टच्या कडा त्याने धारदारच ठेवल्या होत्या, त्या घरी बारीक पॉलिश पेपरने मोडल्या, नाहीतर रिंग अडकते.

मॅनिफोल्डचं तोंड काचेवर ठेवून बघितलं तर मधोमध उजेड दिसत होता. नट जास्त आवळून आवळून वाकलेलं. जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून आठाच्या आकड्यात घासलं. सगळीकडे सारखा रंग येईपर्यंत. गळतीची दुसरी जागा अशी मिटली. हेडलाही तेच केलं.

२१ डिसेंबर, रविवार

गिअरबॉक्स. यात फार काही निघालं नाही. चारही गिअरांचे दात चांगले, सिलेक्टरच्या कडा किंचित गोल झाल्यात पण गिअर सुटत नव्हता, म्हणून तोच ठेवला. पहिल्या गिअरवरच्या शिमचा (पातळ चकतीचा) एंड फ्लोट, म्हणजे बाजूचा खेळ, फिलर गेजने बघितला. ०.०७ ते ०.३० मिलिमीटरच्या मध्ये हवा, तसा आहे. चेन बदलली. गिअर ऑईल ९० नंबर, साधारण ७०० मिली. मागच्या हबचा मोठा नट पूर्ण ताकदीने आवळून लॉकची पट्टी दुमडली. हा नट सैल राहिला तर हब आणि शाफ्ट दोन्ही जातात. हे काम कधीही "नंतर करू" म्हणून सोडायचं नाही.

२८ डिसेंबर, रविवार

पुन्हा डॉक्टरांचं यंत्र. पूर्ण बांधलेल्या इंजिनात २५० भरलं. चहा होईपर्यंत काटा जागचा हलला नाही म्हटलं तरी चालेल. चाचांनी नुसती मान हलवली. एवढं पुरतं.

काउलसाठी वकीलसाहेबांनी त्यांच्याकडचं जादा काउल दिलं. कापलेल्या कडेचं जुनं काउल डेंटिंगवाल्याने पट्टी जोडून सरळ केलंय, ते परतफेड म्हणून त्यांच्याकडे राहील. काउल आणि सिलिंडरच्या मधली फट फेल्टच्या पट्टीने बंद केली. प्लगच्या भोकाभोवतीची रबरी टोपीही शोधून लावली. लोक ती फेकून देतात, पण तिथून निसटणारी हवा हेडच्या सर्वात तापणाऱ्या भागावरूनच जायला हवी असते.

४ जानेवारी २०२६, रविवार

ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटची फट ०.४० मिलिमीटर, प्लग एनजीके बी-७-एचएस, गॅप ०.६. टायमिंग खुणेवर, जराही ॲडव्हान्स (ठिणगी वेळेआधी) नाही. ॲडव्हान्स केलं की गाडी शहरात चपळ वाटते आणि हायवेला हेड तापतं.

पेट्रोल लिटरला ४० मिली टू-टी ऑईल. कॉक उघडला, चोक ओढला, काही किका कोरड्या गेल्या आणि मग सुरू झाली. पहिली पाच मिनिटं स्लोवर ठेवून बंद. पूर्ण गार होऊ दिली. मग हेडचे नट पुन्हा आवळले, पुन्हा सुरू. असं थंड-गरम दिवसभर केलं. नवा पिस्टन आणि जुनं सिलिंडर एकमेकांना जुळवून घेतात ते या थंड होण्यातच.

आवाज बदललाय. आधी उजवीकडे फ्लायव्हीलजवळ एक पोकळ घरघर होती, ती गेली. आता काउलमधून येणारा वाऱ्याचा सूं-सूं आवाज ऐकू येतो. शेजारच्या काकू गच्चीतून म्हणाल्या, "गाडी झाली का हो बरी?"

पुढचे दहा-बारा दिवस काम नाही. गड्डा यात्रा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा. नंदीध्वजांच्या वाटेवर आमची गल्ली येते, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं.

१८ जानेवारी, रविवार

रनिंग-इन, म्हणजे नवा पिस्टन बसेपर्यंत जपून चालवणं. जुळे सोलापूर ते होटगी रोड, मग बाहेर. एकाच वेगाने लांब पळवायची नाही, चढ-उतार देत राहायचं. थ्रॉटल अर्ध्याच्या वर नाही.

जेट बघायची रीत लिहून ठेवतो. मोकळ्या रस्त्यावर चालू वेगात क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करायचं, कडेला घ्यायचं, प्लग काढायचा. घरी येऊन बघितलेला प्लग गल्लीतलं चालणं सांगतो, रस्त्यावरचं नाही. जुन्या जेटवर प्लगची माती पांढरी. एक माप मोठा मेन जेट टाकला, फिकट पिवळसर. आणखी एक माप, आणि आता खालच्या अंगाला चहाचा रंग धरलाय. उन्हाळ्यापर्यंत हाच ठेवणार. पेट्रोल थोडं जास्त पिईल, पिऊ दे.

२२ जानेवारी

आरटीओ. आरसीचं नूतनीकरण करून घेतलं. वीस वर्षांवरच्या दुचाकीला गेल्या ऑगस्टपासून २,००० रुपये शुल्क आहे.

बऱ्याच जणांना प्रश्न पडतो म्हणून लिहितो. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची मूळ स्थितीतली गाडी "व्हिंटेज" म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये. आधीच नोंदणी असलेल्या गाडीचा मूळ नंबर राहतो. मान मोठा आहे, पण व्हिंटेज गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच. मला मंडईत जायचं असतं, अक्कलकोटला जायचं असतं. म्हणून साधं नूतनीकरण. ज्यांची गाडी वर्षातून दोनदाच निघते त्यांनी मात्र व्हिंटेजचा विचार जरूर करावा.

८ फेब्रुवारी, रविवार

सगळे मिळून हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीनेच्या संगमावरचं संगमेश्वराचं देऊळ, विजापूर रोडने मंद्रूपच्या बाजूने साधारण चाळीस किलोमीटर. सकाळी गार असताना गेलो आणि मुद्दाम दुपारी परतलो.

जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी काढायला आलेली. अण्णांची वेस्पा पुढे, कारण तिचा वेग सगळ्यांत कमी आणि तिच्या वेगाने सगळ्यांनी जायचं हा आमचा नियम. चाचा माझ्या मागे बसले होते. त्यांनी वाटेत एकदाच खांद्यावर थाप मारली आणि कानाशी म्हणाले, "तिसऱ्यावर घ्या, चौथ्यावर ओढू नका." बरोबर होतं. हलका चढ होता आणि वारा समोरून. कमी फेऱ्यांवर जोर दिला तर पंखाही हळू फिरतो आणि हवाही कमी येते. काउल, सील, जेट सगळं नीट असूनही ही सवय हवीच.

देवळातल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. सर्वांत जुन्या मराठी शिलालेखांत त्याची गणना होते. वकीलसाहेबांनी बोट फिरवत अक्षरं लावून दाखवली, डॉक्टरांनी टॉर्च धरली. भाकरी, शेंगा चटणी, दही, आणि लोकांच्या शेतातला कांदा. मग संगमाकाठी झाडाखाली सगळ्यांच्या प्लगांची तपासणी. लँबीचा काळा, विजय सुपरचा भुरा-पांढरा, वेस्पाचा उत्तम. गाडीची माहिती कागदावरून जेवढी कळते त्याहून जास्त असे चार प्लग शेजारी-शेजारी ठेवल्यावर कळते.

परतताना ऊन चांगलंच होतं. मंद्रूपपासून शहरापर्यंत सलग, न थांबता, पन्नासच्या आसपास. आवाज शेवटपर्यंत तोच राहिला. आसरा चौकात सिग्नलला स्लो नीट धरला. घरी आल्यावर हेडचे नट बघितले, सैल नाहीत. गिअरबॉक्सच्या खाली फरशीवर डाग नाही.

फार आनंद झाला. इतके महिने सगळ्यांनी आपापले रविवार दिले, ते वाया गेले नाहीत.

२२ फेब्रुवारी, रविवार

राहिलेली कामं: पेट्रोलची नळी इथेनॉल चालणाऱ्या रबराची घ्यायची आहे, सध्या तात्पुरती आहे. टाकीच्या तळाशी थोडा गंज दिसतो, आत खिळे-खडी घालून हलवायची आणि धुऊन लगेच ऑईल फिरवायचं. सहा व्होल्टचा दिवा रात्री फारच मंद आहे. बारा व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक किट लावावा की पॉइंटच ठेवावेत यावर आमच्यात दोन तट आहेत. माझं मत पॉइंटच्या बाजूने, कारण रस्त्यात पॉइंट साफ करायला पॉलिश पेपरचा तुकडा पुरतो, किट गेला तर टेम्पो बोलवावा लागतो. डॉक्टर रात्री-अपरात्री गाडी काढतात, त्यांनी किट लावावा.

आज वकीलसाहेबांची विजय सुपर बाकावर घेतली. २५० भरले, काटा हळूहळू १८० ला उतरला. फेस फ्लायव्हीलकडे नाही. ऑईल भरायच्या भोकावरचा पापुद्रा मात्र फुगला. म्हणजे गिअरबॉक्सकडची सील. ती गिअरचं ऑईल ओढते, म्हणूनच सकाळी सुरू करताना गल्लीभर धूर होतो. क्लच आणि चेन काढावी लागेल. वकीलसाहेब गुरुवारपर्यंत सील आणतील. चाचांनी सांगितलंय, क्लच दाबायचं साधन त्यांच्याकडे आहे, पण ते पत्र्याच्या पेटीत तळाशी असल्यामुळे शोधायला कुणीतरी यावं. मी बुधवारी संध्याकाळी जातो.